इटालियन गाडीची शेपटी

नासीरचाचा धुळ्याच्या गोदामात पोचले, तेव्हा पुण्याहून आलेले कारागीर गाडीचं बॉनेट उतरवून बाजूला ठेवत होते. मागची निमुळती शेपटी अजून जागेवर होती.

गाडीमालक भूपेंद्रने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. मग हळूहळू मुद्द्यावर आला. गाडी इटलीत शर्यतीसाठी बनली त्याला शंभर वर्षं होऊन गेली होती. आता तिकडच्याच एका संग्रहालयाने तिला मागितलं होतं. जुन्या फोटोत गाडीच्या मागे नुसती पेट्रोलची टाकी आणि दोन जादा चाकं होती, शेपटी नव्हतीच. सांगाडा, इंजिन, चाकं तेवढी जाणार होती. बाकीचं काढायचं होतं. भंगारात टाकायला मन होईना, म्हणून चाचांना बोलावलं होतं.

ते बाकीचं नासीरचाचांनी आणि त्यांच्या मुलाने, हसीबने घडवलं होतं. भूपेंद्रच्या वडिलांना, रुपचंदशेठना, गाडी मिळाली ती नुसता सांगाडाच. त्यांनी तिच्या अंगावर पत्रा चढवायला सांगितलं. बापलेकांनी अख्खा हिवाळा वाळूच्या पोत्यावर अ‍ॅल्युमिनियम ठोकण्यात घालवला. शेपटीचा आकार हसीबच्या डोक्यातला. पुढच्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि तो गेला.

"काम चांगलंच आहे चाचा," भूपेंद्र म्हणाला. "पण तिथे जुनं तेवढंच चालतं."

एका कारागिराने रिव्हेटवर छन्नी टेकवली, तसे चाचा उठले.

"पत्रा फाटेल. द्या, मीच काढतो."

एकेक रिव्हेट सुटत गेला. चाचांनी डावा हात आतून पत्र्याला लावून ठेवला होता. त्यांचे स्वतःचे हातोडीचे ठोके मोठे, लांब लांब. हसीबचे बारीक, एकाला एक लागून. आपलं काम कुठे संपतं आणि पोराचं कुठे सुरू होतं, ते तळव्याला कळत होतं. तिथे हात जरा थांबे. शेवटचा रिव्हेट निघाला आणि शेपटी त्यांच्या छातीवर आली. वजन असं काही नव्हतंच.

चाचांनी शेपटी तेवढी घेतली; भूपेंद्रने टेम्पो करून दिला. जळगाव येईपर्यंत ड्रायव्हर लोटन आरशातून मागे बघत होता. तिथल्या पिंप्राळ्यात, चाचांच्या घरासमोर दोघांनी शेपटी खाली घेतली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"चाचा, हाई काय शे? होडी शे का?"

"माझ्या पोराचं काम आहे," चाचा म्हणाले.

ती दारातून आत जाईना. आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. मुलगी निलोफर म्हणाली, मधोमध कापली तर जाईल. बोलून गेली, आणि बापाच्या तोंडाकडे पाहून तिने मान खाली घातली. लोटन टेम्पो घेऊन निघून गेला. पत्रा उन्हाने तापू लागला होता. निलोफरने आतून पांढरी चादर आणून त्यावर पसरली. चाचा शेजारीच पायरीवर टेकले.

समोरच्या घरातून भागाबाई बाहेर आली. चादरीखाली लांबट काहीतरी आडवं ठेवलेलं होतं आणि उशाशी म्हातारा बसला होता. तिने पदर डोक्यावरून घेतला, चपला काढल्या आणि निलोफरजवळ येऊन बसली.