चार दिवसांची सूज

"सूज कधीपासून आहे?"

"चार दिस झाले," फकिरा म्हणाला. त्याची बायको बाकावर टेकली होती. पाय भरून आलेले, डोळ्यांखाली फुगवटा. इगतपुरीहून सकाळच्या गाडीने त्याने तिला नाशिकला आणलं होतं.

जयरामने पेन खाली ठेवलं. तो दवाखान्यातला रेकॉर्डचा कारकून, पण तोही डोंगरातलाच, म्हणून तिकडचा मूत्रपिंडाचा रोगी आला की डॉक्टर आधी त्यालाच पुढे करत. 'इतके दिवस झोपला होतात का?' असं कुणी खेकसेल, या धाकाने डोंगरातले सगळेच चार दिवस सांगायचे. वर्षाचं दुखणं चार दिवसांत बसवण्यात आपल्या माणसांचा हात कुणी धरणार नाही.

"दादा, इथं कुणी रागवत नाही. वहिनींची जोडवी कुठं आहेत?"

"काढून ठिवली. बोटात जाईनात."

"कधी काढली?"

फकिराने बायकोकडे पाहिलं. "दिवाळीत," ती हळूच म्हणाली.

शिमगा नुकताच झाला होता. जयरामने 'पाच महिने' लिहिलं आणि प्रत्येक आजाराला आकडा देणारं नवं जाडजूड पुस्तक उघडलं. मूत्रपिंड अचानक बंद पडलं तर एक आकडा, झिजत झिजत गेलं तर दुसरा. पुढचं सगळं त्या एका उत्तरावर चालायचं.

दुपारी तो जुने कागद नव्या आकड्यांत बसवायला बसला. आज चौऱ्याहत्तर सालचा गठ्ठा होता. सहा वर्षांपूर्वीचा. तिसराच कागद नवसाबाईचा निघाला. गाव सुरगाण्याकडचं, वय चाळीस. सूज चार दिवस. बहिणीने झाडपाल्याचा काढा दिला. मूत्रपिंड अचानक बंद, काढ्यातून विषबाधा असावी. माहिती देणारा: मुलगा जयराम.

आई दीड वर्ष सुजत होती. अठरा वर्षांच्या जयरामने भीतीने चार दिवस सांगितले. "झाडपाला काही दिला का?" असं विचारल्यावर त्याला हायसंच वाटलं आणि त्याने मावशीचं, चिमणाबाईचं नाव घेतलं. आई गेली. बापाने मेहुणीचं तोंड पाहणं सोडलं. गावाने चिमणाबाईच्या हातचं पाणी सोडलं. जिच्या दारात औषधाला रांग लागायची, तिच्या ओट्यावर पुन्हा कुणी चढलं नाही. जयरामही नाही. त्याला स्वतःची लाज वाटायची.

त्याने आकडा लिहिला नाही. कागद घेऊन तो डॉक्टरांकडे गेला आणि सगळं सांगून टाकलं. डॉक्टरांनी जुन्या तपासण्या पुन्हा चाळल्या, 'आजार जुना, दीड वर्षाचा' असं लिहून सही केली.

"कागद दुरुस्त झाला," ते म्हणाले. "बाकीचं तुला करावं लागेल."

रविवारी तो एसटीने सुरगाण्याला उतरला आणि पुढे गावापर्यंत चालत गेला. चिमणाबाई ओट्यावर नागली पाखडत होती. फार थकली होती. जयराम खालीच उभा राहिला.

"मावशी, आई काढ्यानं नाय गेली. दीड वरीस सुजत व्हती. मी दवाखान्यात खोटं बोललो. आता खरं लिहून आणलंय. गावात वाचून दाखवतो. बापालाही सांगतो."

चिमणाबाईने सूप बाजूला ठेवलं. ती आत गेली आणि फडक्याची एक पुरचुंडी घेऊन आली. गाठ सोडून तिने पुढे धरली. आत चांदीची दोन जोडवी होती.

"नवसानं ठेवाया दिली व्हती," ती म्हणाली. "गेली त्याच्या आदल्या वर्षाच्या आखाजीच्या सणाला. बोटात जाईनात म्हणून."

जयराम खाली बसला. ही जोडवी चारचौघांत दाखवली असती, तर मावशी एका दिवसात आरोपातून सुटली असती.

"मावशी, मग सहा वरसं बोलली का नाय?"

"बोलले असते, तर गावानं तुझ्या हातचं पाणी सोडलं असतं," चिमणाबाई म्हणाली आणि त्याला बसायला ओट्यावर जागा करून दिली. "माझं काय रं, माझं पाणी मीच भरते."