लोकरी सपाता
लुआर नदीकाठच्या किल्ल्यात वरच्या दालनात शिरायचं तर बुटांवर लोकरी सपाता चढवायच्या, हा राखणदार आन्सेल्मचा कायदा. मेणाने घासलेल्या लाकडी जमिनीवर ओरखडा दिसला, की तो पाहुण्यांवर डाफरायचा. एप्रिलमध्ये तो वारला. त्याच्याच हट्टापायी बायकोने, सोलांजने, शवपेटीतही त्याला सपाता घातल्या, उसवलेली डावी लाल दोऱ्याने शिवून. गाव हसलं. आता त्याचं काम सोलांज बघायची. आज किल्ला बंद करताना वर खिडकी आपटल्याचा आवाज आला, तशी ती जिन्याकडे धावली. "अगं, नुसत्या बुटांनी?" तिकीटवाली खालून ओरडली. "म्हातारा असता तर ढकलून दिलं असतं तुला जिन्यावरून!" "आता कोण बघतंय?" सोलांज हसली. तिने वर दालनाचं दार उघडलं. खिडकी तर कडी लावून बंदच होती. उंबरठ्याच्या आत, तिचं पाऊल पडणार तिथेच, सपातांचा जोड मांडला होता. डावीला लाल दोरा. तळाची ओली माती मात्र उंबरठ्याबाहेरच झटकलेली होती.