कवितेखालचं नाव

कवितेचा कागद अक्काताई काही केल्या माझ्या हातात देईनात. आमच्या नेट कॅफेतल्या कॉम्प्युटरकडं पाकीटमाराकडं बघावं तशा त्या बघत होत्या. “ह्यात घातली की कोणबी वाचणार?” “व्हय.” “चोरली तर?” “पेपरातनं चोरत न्हाईत व्हय?” मी हसले. पेपरच्या संपादकांनी कविता मागितली होती, पण अक्कांनी दिली नव्हती. “पेपर ह्यांच्या गुळाच्या अडतीवर येतोय. लेकीवरची कविता बघितली तर घर डोक्यावर घेतील.” लेकीनं पळून लग्न केल्यापासून घरात तिचं नाव काढायला बंदी होती. ती कुठं असते, कुणालाच ठाऊक नव्हतं. “पेपर जिल्ह्याभाईर जात न्हाय. हे कुठंबी दिसतंय न्हवं?” “कॉम्प्युटर असंल तिथं.” त्यांनी कागद सोडला. टाइप करून मी विचारलं, “खाली नाव काय घालू?” दाराकडं एकदा वळून बघत त्या मोठ्यानं म्हणाल्या, “सौंदर्याची आई.”