ती म्हातारी

डॉक्टरांनी सुशीलाबाईंच्या कानापुढून बोटानं एक रेघ ओढली, पाळीखालून वळवली आणि मागच्या केसांत नेऊन सोडली.

"चीर अशी जाईल, काकू. पहिल्या पद्धतीत नुसती कातडी सोडवायची, मागं ओढायची, उरलेली कापून टाके घालायचे. सोपं काम. पण कातडीच ती. थोड्याच वर्षांत पुन्हा लोंबते."

"म्हणजे गादीचा अभ्रा ताणला. आत कापसाचे गोळे तसेच."

डॉक्टर साने हसले. ते मूळचे पुण्याचे. बंजारा हिल्सवर हा नवा काचेचा दवाखाना निघाला तेव्हा इकडं आले. घरोघर केबल आल्यापासून चेहरा ताणून घ्यायला बायका येऊ लागल्या होत्या, पण त्या मोटारीतून येत. ही बाई लुगडं नेसून, अंबरपेठेहून बस बदलत आली होती.

"म्हणून दुसरी पद्धत. कातडीखालचा थरच उचलून टाचायचा. ती जास्त टिकते. पण तिथूनच चेहऱ्याच्या नसा जातात. धक्का लागला तर तोंड वाकडं व्हायची भीती. तिसरीत चीर लहान, कानापाशीच थांबते. त्रास कमी, गुणही कमी. गळा आहे तसाच राहतो."

"यातली जल्दी कोणती?"

"जल्दी म्हणजे?"

"म्हणजे परवापर्यंत तोंड नीट दिसंल अशी."

दाराशी बसलेली सून, भाग्यलक्ष्मी, फिसकन हसली. "परवा कुठं मिरवायचंय, आत्या? टीव्हीवर येणार का? घरात मामंजी अन्नाला शिवंनात, आणि तुम्हाला कैकू हे नखरे?"

सुशीलाबाईंनी तिच्याकडं पाहिलंच नाही.

"कुठलीही करा," डॉक्टर म्हणाले, "सूज उतरायलाच काही आठवडे जातात. त्यात तुमचं ब्लडप्रेशर वाढलेलं. एवढी घाई कशाची?"

सुशीलाबाईंनी कमरेची पिशवी सोडली. आतून एक फोटो निघाला. लग्नानंतर सुलतान बाजारात काढलेला. फेट्यातला तरणा गडी, आणि शेजारी नाकात नथ घातलेली पोरगी.

"मला ही करा, साहेब."

डॉक्टरांनी फोटो हातात घेतला.

"आमचे मालक, हिम्मतराव. त्यांचं ध्यान मागं मागं चाललंय. नातवंडं विसरले, पोटचा पोरगा विसरले. आता ते या फोटोत राहतात. मी घास घेऊन गेले की वाडगा उडवतात. म्हणतात, ही म्हातारी कोण? माझ्या सुशीलेला हिनं कुठं कोंडून ठेवलं?" त्यांचे डोळे कोरडेच होते. "नुसत्या पाण्यावर आहेत. परवा दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालणार. उपसून टाकतील म्हणून हात बांधायचे म्हणतात. उभ्या जन्मात त्यांनी कुणापुढं हात बांधले नाहीत, साहेब."

भाग्यलक्ष्मीचं हसू विरलं. तिनं नजर खाली घातली.

डॉक्टरांनी फोटो परत दिला आणि मुठीचा गोल आरसा उचलला. "काकू, मी खोटी आशा लावत नाही. तुम्हीच बघा. त्या तपासायच्या टेबलावर उताण्या झोपा. आरसा वर धरा."

त्या झोपल्या. गाल आपोआप कानांकडं सरकले. हनुवटीची कड वर आली. नाकाशेजारच्या वळ्या पुसल्यासारख्या झाल्या. आरशात फोटोतली पोरगी नव्हती, पण तिची थोरली बहीण शोभेल अशी कुणीतरी होती.

"ऑपरेशननं जास्तीत जास्त एवढंच होतं. याच्यापुढं कुठल्याच सर्जनच्या हातात काही नाही. आता उठून बसा. आरसा मांडीवर ठेवा आणि त्यात वाकून बघा."

त्या वाकल्या. गाल, ओठ, गळा, सगळं मांस पुढं ओघळलं. डोळ्यांखाली पिशव्या लोंबल्या. कुणी अनोळखी थेरडी आरशातून अंगावर यावी तशा त्या दचकून मागं सरल्या. मग पुन्हा वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"मी रोज अशीच वाकून भरवते," त्या म्हणाल्या.

त्यांनी पदर सावरला. "चल गं, भाग्या. ऑपरेशन नक्को, साहेब."

घरी आल्या तेव्हा खिडकीतून ऊन पलंगावर आलं होतं. हिम्मतराव उताणे पडले होते. ओठांना भेगा पडलेल्या. दूधभाताचा वाडगा घेऊन सुशीलाबाई जवळ गेल्या. पावलांची चाहूल लागताच म्हाताऱ्याचा हात वाडगा उडवायला वर उठला.

त्या वाकल्या नाहीत. वाडगा तिपाईवर ठेवला.

सासू जिवंत होती तोवर सुशीलाबाई घरात नवऱ्याच्या पलंगाला चारचौघांत कधी टेकल्या नव्हत्या. पुढं सून आली, आणि तीच रीत राहिली. आता दारात सून उभी, तिच्यामागं मुलगा रितेश. सुशीलाबाईंचे कान तापले. तरी त्या पलंगाच्या कडेला बसल्या, पाय वर घेतले आणि नवऱ्याच्या उशीवर डोकं टेकून सरळ उताण्या झाल्या. नजर छताला. श्वास रोखलेला.

"आई, हे काय चालवलंय?" रितेश पुढं झाला.

"गप बसा," भाग्यलक्ष्मीनं त्याचा दंड धरला.

पलंग करकरला. हिम्मतरावांनी मान वळवली. ते बघत राहिले. वर उठलेला हात तसाच अधांतरी होता. मग तो हळूच खाली आला आणि सुशीलाबाईंच्या गालावर टेकला.

"सुशे, कुठं गेल्तीस?" त्यांनी दाराकडं चोरून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "चटकन भरव मला. ती म्हातारी यायच्या आत."