टाचेवरचा व्रण

चौथ्यांदाही मुखवटेवाला खुनी मागेच राहिला आणि दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला.

सँड्रीनाला मरायचं होतं. चित्रपटाच्या आठव्या मिनिटाला, सगळ्यांच्या आधी. मुंबईहून तोंडवलीला सुट्टी घालवायला आलेली पाच मंडळी, त्यांना एकेक करून गाठणारा मुखवटेवाला, आणि त्याची पहिली शिकार म्हणजे इथली मारिया, सँड्रीनाची भूमिका. मारियाच्या हातात दारूची बाटली दिली होती आणि गळ्यात बोटभर लांब लाकडी क्रॉस. सँड्रीनाचा स्वतःचा नाजूक क्रॉस म्हणे कॅमेऱ्यात दिसत नव्हता. ती शाळेत मुलींना खेळ शिकवायची, दारूला कधी शिवलीही नव्हती. तरी तिच्या आईने, रोझालिनाने, आपलं चेडू सिनेमात दिसणार म्हणून रविवारी चर्चच्या पायरीवर भेटेल त्याला सांगून टाकलं होतं.

अडत होतं ते एवढ्यावरच. मारियाने मागे वळून बघायचं आणि धडपडून पडायचं होतं. सँड्रीना पडतच नव्हती. पळ म्हटलं की तिचे पाय आपसूक पाण्याच्या कडेला, ओल्या घट्ट वाळूवर जात. इथली पोरं चालायला लागल्यापासून तशीच पळतात. खुनी बिचारा जड बूट घालून कोरड्या वाळूत रुतत होता. त्याला ना मारता येत होतं, ना मुखवटा काढून पाणी पिता येत होतं.

सुरूच्या झाडांखाली तिच्या शाळेच्या मुली बसल्या होत्या. पळताना मागे वळून बघायचं नाही, हे तिनेच त्यांच्या डोक्यात भरवलं होतं. त्यांच्यादेखत पडायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण पडली नाही तर दुसरी कुणी मारिया आणतील, हेही तिला दिसत होतं.

पाचव्या वेळी तिने वळून बघितलं आणि ती पडली. कोयता खाली आला, रक्त म्हणून लाल पाक उडाला, मारिया मेली. भर सकाळचं ते मरण नंतर काळोखातलं करून दाखवणार होते.

दिग्दर्शक खुश होऊन जवळ आला. तुम्ही सुंदर पळता, म्हणाला. शेवटी नायिका याच किनाऱ्यावरून पळून जीव वाचवते, पण तिला वाळूत दहा पावलंही धड टाकता येत नाहीत. तेव्हा तोंड तिचं घेऊ, पाय तुमचे. सँड्रीना हो म्हणाली. रंगभूषा करणारी मुलगी लगेच डबी घेऊन आली आणि तिच्या टाचेवरचा पांढरा व्रण रंगवायला वाकली. लहानपणी खडकावर कालवाच्या शिंपल्याची धार लागून झालेला तो व्रण.

सँड्रीनाने पाय मागे घेतला. "हे झाकू नका."

"अहो, टाचेकडे कोण बघणार आहे?" दिग्दर्शक हसला.

एवढ्यात डेल्सी, तिची सगळ्यांत जोरात पळणारी विद्यार्थिनी, फुगलेलं तोंड घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"टीचर, तो तुमका पकडूकच शकलो नसतो. तुमी पडलात कित्याक?"

गोष्टीत तसं लिहिलंय, सँड्रीना म्हणाली. मग तिने नायिकेचं आणि पायांचं सांगितलं. डेल्सी विचारात पडली.

"म्हणजे शेवटाक तुमीच वाचतलात?"

"माझे पाय वाचतले गो."

डेल्सीने तो व्रण नीट न्याहाळला. मग ती सुरूंकडे वळली आणि तिने मैत्रिणींना हाक मारली.

"हयसर येवा गो. टीचरची टाच बघून ठेवा."

मुली एकेक करून आल्या आणि वाकून बघू लागल्या. त्यांचं बघून होईपर्यंत रंगाची डबी हातात धरून रंगभूषावाली मुलगी बाजूला उभी राहिली.