लाल सिग्नलवर

अमेरिकेतलं शॉमबर्ग, १९८७. सिग्नलला थांबलं की वीणाच्या हातून गाडी बंद पडायची. "तुझा पायच चुकतो," असं तिचा नवरा उल्हास इतक्यांदा म्हणाला, की तिने ड्रायव्हिंग सोडलं आणि लायब्ररीतली नवी नोकरीही. पुढच्याच आठवड्यात, तो एकटा असताना, गाडी त्याच्याही हातून बंद पडली.

रविवारी मैत्रीण तिला भजनाला घेऊन गेल्यावर त्याने गराजमध्ये इंजिनचा एक व्हॉल्व्ह सोडवला; गाडी थांबली की इंजिनला हवा पुरवणारा. तो काजळीने पार बुजला होता. स्प्रे मारून, घासून त्याने तो परत बसवला आणि काळ्या चिंध्या शेजाऱ्याच्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या.

गोष्ट इथेच संपावी, अशी त्याची फार इच्छा होती.

पण संध्याकाळी देसाईंकडे जेवायला जाताना लाल सिग्नलवर इंजिन शांतपणे चालू राहिलं. शेजारी बसलेली वीणा म्हणाली, "अहो, तुमच्या हातात कशी शहाण्यासारखी वागते! मी सोडलं तेच बरं झालं."

आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली.



उल्हासने हळूच किल्ली उलटी फिरवली आणि म्हणाला, "बघ, माझ्याही हातून बंद पडली, ये इकडे, तू चालव."