ऑम्लेटवाले

"नाव नाही सांगितलंत तरी चालेल, पण काय खाणार ते सांगा आणि मगच पाण्यात उतरा," झऱ्याच्या खोल डोहाकाठच्या घरगुती हॉटेलातल्या मावशींनी फर्मान सोडलं.

फिरतीवर एकटाच आलेल्या सेल्समनला ही गिऱ्हाईक अडकवायची शक्कल वाटली. त्याने तोंड वाकडं करत ऑम्लेट सांगितलं, मनसोक्त पोहून घेतलं आणि मावशींची पाठ वळलेली बघून मागच्या पायवाटेने सटकला. बरी जिरवली, असं मनाशी म्हणत बसथांब्यावर पोचला, तेव्हा लक्षात आलं की घड्याळ झऱ्याच्या पायरीवरच राहिलंय. निमूट परत फिरावं लागलं.

हॉटेलात चिटपाखरू नव्हतं. टेबलावर त्याचं ऑम्लेट तसंच पडून होतं. मावशींचा नवरा, मुलगा, सून, सगळे अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरून बुड्या मारत होते, तळ चाचपत होते. पायरीवर त्याचं घड्याळ मुठीत आवळून मावशी जिवाच्या आकांताने हाका मारत होत्या. नाव ठाऊक नव्हतं, तरी थांबत नव्हत्या.

"अहो ऑम्लेटवाले! कुठं आहात? या ना वर, गार होतंय हो!"